वरचा उजवा कोपरा

बाण आपोआप हलला तेव्हा दुपारचा एक वाजायला दहा मिनिटं कमी होती, आणि माझा हात माऊसवर नव्हता. माझ्या हातात भाकरी होती. समोर डबा उघडा, बोटांना खर्डा लागलेला, आणि पडद्यावर तो पांढरा बाण खालच्या पट्टीपासून निघून हळूहळू वर चाललेला.

"शिरीन, हे बघ जरा," मी म्हणालो. "माऊसला हात लावलेला नाही, आणि हा चाललाय."

शिरीन मुलाणी शेजारच्या टेबलावर बसायची. तिनं मान तिरकी करून बघितलं. "तिकडचं कुणीतरी हलवत असेल की. तुझ्या एकट्याचा कॉम्प्युटर आहे काय तो?"

"तिकडं कुणी जागं नाही."

"मग भूत असेल," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

त्याला आता दहा वर्षं झाली. मिनिटं अजून पाठ आहेत, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्याची नोंद राहते, आणि ती नोंद मी नंतर किती वेळा वाचली त्याला गणती नाही. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती. कोल्हापुरात राजारामपुरीत, नळ-पाइपांच्या एका दुकानाच्या वर, कुंभोजकर साहेबांची छोटी कंपनी होती. चार खुर्च्या, तीन माणसं. ज्यांची वाचा गेलीय त्यांच्यासाठी आम्ही 'बोलपाटी' नावाचा प्रोग्राम करायचो. पडद्यावर अक्षरं मांडलेली असत. बाण नेऊन एकेक अक्षर दाबायचं, वाक्य जुळलं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं बोलायचा.

गिऱ्हाईक गावोगाव पसरलेलं. प्रत्येकाकडं एसटीनं जायचं म्हटलं तर जन्म गेला असता. म्हणून सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आम्ही लांबून चालवायचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलेलं. त्यांचा नंबर घालायचा, पासवर्ड घालायचा, की त्यांचा पडदा आपल्या टेबलावर. आपण इथं माऊस हलवला की तिकडचा बाण हलतो, आपण इथं कळ दाबली की तिकडं अक्षर उमटतं. आवाज तेवढा इकडं येत नसे. त्यामुळं गिऱ्हाईक बोलतंय, खोकतंय, रडतंय, आम्हाला काही कळायचं नाही. पडदा तेवढा दिसायचा.

साहेबांचा एक नियम होता, एका माऊसवर दोन हात नकोत. आपण काम करताना तिकडचा माणूस मधेच बाण ओढतो, भलतंच काहीतरी दाबतो आणि तासाचं काम पाण्यात जातं. त्यासाठी सॉफ्टवेअरात एक चौकोन होता. त्यावर टिक केली की तिकडचा माऊस बंद. मग त्या माणसानं कितीही आपटू दे, बाण जागचा हलत नाही. आम्ही जोडणी झाल्या झाल्या ती टिक करायचो, जेवणाआधी हात धुवावेत तशी. रेडेकर गुरुजींच्या कॉम्प्युटरला मात्र मी ती कधी केली नव्हती. ते झोपलेले असतानाच मी काम करायचो, म्हणून कधी गरजच पडली नव्हती.

यशवंत रेडेकर गुरुजी वाघधोंडला राहायचे. आजऱ्याच्या पुढं, घाट उतरायच्या आधी. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. वाचा गेली, अंग गेलं. उजव्या हाताची दोन बोटं राहिली आणि डोकं राहिलं. डोकं मात्र लख्ख. त्या दोन बोटांसाठी आम्ही त्यांना लिंबाएवढा गोळा बसवलेला माऊस दिला होता. गोळा फिरवला की बाण फिरायचा, आणि बाण एखाद्या जागी थोडा थांबला की दाबल्यासारखं व्हायचं, पण ही सोय फक्त बोलपाटीत आणि ती उघडायच्या पडद्यावरच्या चित्रावर; बाकी ठिकाणी गोळ्याशेजारचं बटण दाबावं लागायचं. बसवायला साहेब स्वतः गेले होते. पहिल्या दिवशी गुरुजींनी अर्धा तास खपून एक वाक्य जुळवलं आणि कॉम्प्युटर बोलला, "शालन, चहात साखर कमी आहे." शालनकाकू, म्हणजे त्यांची बायको, हसता हसता रडायला लागल्या. अडीच वर्षांनी नवऱ्याची तक्रार ऐकली म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात, त्या गावातसुद्धा, कॉम्प्युटरच्या आवाजाला सगळे गुरुजींचा आवाज म्हणायला लागले.

त्या आठवड्यात तो आवाज गेला. कॉम्प्युटरनं स्वतःहून काहीतरी अपडेट घेतलं आणि बोलपाटी मुकी झाली. अक्षरं उमटायची, आवाज नाही. साडेबाराला काकूंचा फोन आला.

"धैर्या, आज काहीही कर, पण ह्यांचा आवाज परत आण," त्या म्हणाल्या. धैर्यशील बाबर हे माझं नाव, पण काकू धैर्याच म्हणायच्या. "तीन दिवस झाले, घर खायला उठतंय."

"आणतो काकू. दोन तास तरी लागतील. फाईल मोठी आहे आणि तुमच्याकडचं नेट म्हणजे बैलगाडी."

"लागू देत. ह्यांना पेज पाजून आत्ताच झोपवलंय, दोन-अडीचपर्यंत उठायचे नाहीत. मी मागं परड्यात आहे. गोठ्याच्या पत्र्यावर कुरडया घातल्यात, लक्ष नाही ठेवलं तर कावळे एक शिल्लक ठेवायचे नाहीत. फोन घरात राहील हं, वाजला तरी मला ऐकू यायचा नाही. ह्यांचा आवाज मात्र तिथंवर येतो. आला की लगेच कळवते तुला."

"नक्की कळवा. त्याशिवाय मला इथं काही समजणार नाही."

"अरे, आला तर गाव गोळा करीन मी," काकू हसत म्हणाल्या आणि फोन ठेवला.

म्हणून म्हणतो, बाण हलायला नको होता.

मी हात पुसला, माऊस धरला आणि बाण ओढून जागेवर आणला. बोलपाटी चालू असताना नवीन फाईल बसत नाही, म्हणून मी ती आधीच बंद केली होती. दोन मिनिटांत ती उघडली. मी उघडली नव्हती. बंद केली. परत उघडली. परत बंद केली. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा मी मुद्दाम माऊसवरून हात उचलला आणि नुसता बघत राहिलो. बाण थरथरत अक्षरांच्या ओळीपाशी गेला आणि थांबला. 'शा' उमटला. मग बाण खाली वळला, दुसरं अक्षर शोधायला. मी ती बंद करून टाकली.

"झोपेत बोटं हलत असतील त्यांची," शिरीन म्हणाली. आता ती उठून माझ्या खुर्चीमागं उभी होती.

"झोपेत माणूस शोधून शोधून तेच चित्र दाबतो?"

"मग जुना प्रोग्राम बिघडला असेल. अपडेटनं काहीही होतं."

मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. तरी मी काकूंना फोन लावला. बाण तेव्हा पडद्याच्या मधोमध गप्प उभा होता. फोनची रिंग सुरू झाली आणि तो गरगर फिरायला लागला. लहान लहान गोल, वेगात. रिंग संपली, कुणी उचलला नाही, आणि बाण थांबला. मी परत लावला. रिंग सुरू, की बाण सुरू. रिंग बंद, की बाण बंद.

"नको लावूस तो फोन," शिरीन हळू आवाजात म्हणाली. "मला नाही आवडत हे."

मला तरी कुठं आवडत होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, खाली दुकानात पाइप कापायचा कर्कश आवाज.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाशी बोलायची एक रीत आहे. नोटपॅड उघडायचं आणि त्यात लिहायचं, तिकडचा माणूस वाचतो. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गुरुजी, मी धैर्यशील. नवीन आवाज टाकतोय. तासभर माऊसला हात लावू नका.'

बाण स्तब्ध झाला. वाचतोय असं वाटण्याइतका वेळ गेला. मग तो निघाला. या वेळी चाचपडत नाही, सरळ. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि तिथं थरथरत उभा राहिला.

त्या कोपऱ्यात काय असतं हे कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कुणालाही माहीत असतं. बंद करायची फुली. मी लिहिलं, 'बंद करू नका गुरुजी, काम चालू आहे.' आणि बाण ओढून मधे आणला. तो परत गेला. मी परत आणला. परत गेला. फुली दाबत मात्र नव्हता. दाबायची तर दाब की बाबा, एकदाचं होऊन जाऊ दे. पण नाही. फुलीच्याही पुढं, अगदी कडेपर्यंत जायचा, अर्धा बाण पडद्याबाहेर जाऊन दिसेनासा व्हायचा, तरी त्याचं पुढं ढकलणं थांबायचं नाही. पडद्यातून बाहेर पडायला बघतोय असं वाटायचं. मी सात वेळा ओढून आणला. सातही वेळा तो तिथंच गेला.

मी घाबरलो होतो. आता सांगायला लाज वाटत नाही. नव्वद किलोमीटरवर एका बंद खोलीत एक माणूस झोपलेला आहे, दुसरं माणूस घरात नाही, आणि कुणीतरी माझ्या हाताशी झटापट करतंय. पुन्हा त्या झटापटीत जोर होता, राग होता. निदान मला तो रागच वाटला.

आतून साहेबांचा आवाज आला, "बाबर, रेडेकरांचं झालं काय? चारला इस्लामपूरच्या बाईंचं काम आहे."

"करतोय साहेब," मी म्हणालो.

"अरे मग टिक कर ना," शिरीन म्हणाली. "मारामारी कशाला करत बसलायस?"

मी टिक केली. एक वाजून बारा मिनिटं झाली होती. बाण जागच्या जागी थांबला. मी त्याला मधे आणला, तो मधेच राहिला. इतकं बरं वाटलं मला. मी उरलेली भाकरी खाल्ली, डबा धुऊन आणला, आणि फाईल वाघधोंडला पाठवायला लावली. टक्के पुढं सरकत होते. अकरा. तेवीस. चाळीस. मधे मी खाली जाऊन चहासुद्धा पिऊन आलो.

तीन वाजायला दोन मिनिटं कमी असताना काम संपलं. आवाज आलाय का ते तपासायचं राहिलं. बोलपाटीत नेहमी लागणारी वाक्यं तयार बटणं करून ठेवलेली होती. 'शालन, पाणी.' 'शालन, कूस बदल.' 'शालन, इकडं ये.' मी आवाज पूर्ण वाढवला, परड्यात ऐकू जायला हवा म्हणून, आणि शेवटचं बटण दाबलं. पडद्याच्या कडेला हिरवी पट्टी उसळली. म्हणजे तिकडं आवाज होतोय.

मी फोनकडं बघत बसलो. फोन आला नाही.

परत दाबलं. 'शालन, इकडं ये.' पट्टी उसळली. फोन नाही. काकूंचं लक्ष कुरडयांत असेल म्हणून पाचसहा वेळा लागोपाठ दाबलं. मग थोडं थांबून पुन्हा. अकरा वेळा झालं. शिरीननं माझ्याकडं बघितलं. "काय रे, ऐकू येत नाही काय त्यांना?"

तीन सोळाला काकूंच्या नंबरवरून फोन आला.

"आला ना आवाज, काकू?" मी उचलल्या उचलल्या म्हणालो.

"मी पारू बोलते, शेजारची," तिकडून एक बाई धापा टाकत म्हणाली. "तुमचा नंबर ह्या फोनवर आलाय म्हणून लावला. वहिनी पडल्यात हो गोठ्यावरनं. शिडी सटाकली बगा. गुरुजी कवाधरनं हाका मारायला लागलेत, 'शालन इकडं ये, शालन इकडं ये,' थांबंनात. म्हणून बगायला आले तर घरात कोण न्हाई. मागं गेले तर वहिनी खाली."

"जिवंत आहेत काय?"

"डोळं उघडं हायेत. हात हलतोय जरा. बोलंनात."

जीप मिळवा, गडहिंग्लजला न्या, असं काहीतरी मी बोललो. साहेबांनी कुठल्या तरी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. मी पडद्याकडं वळलो. टिक अजून तशीच होती. मी ती काढली. आता तिकडचा माऊस मोकळा होता. मी पुष्कळ वेळ वाट बघितली. बाण हलला नाही.

काकू गडहिंग्लजच्या अलीकडंच गेल्या. डोक्यात आतल्या आत रक्त साचत गेलं होतं, म्हणाले. दोन तास आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या, असंही डॉक्टर म्हणाले. पारूबाईनं ते फोनवर जसंच्या तसं साहेबांना सांगितलं, आणि साहेबांनी आम्हाला.

शिरीननं आणि मी एकमेकांकडं बघितलं. गुरुजी जागे होते आणि हाक मारायला बघत होते, एवढं आता आम्हा दोघांना कळलं. "तुला काय माहीत होतं?" ती म्हणाली. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. पुढचे अनेक दिवस तेच घोकत झोपलो. साहेबांना मी टिक केल्याचं सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

बाराव्या दिवसानंतर गुरुजींच्या मुलाचा, राजवर्धनचा, ऑफिसात फोन आला. तो मस्कतहून आला होता. गुरुजींनी त्या दुपारपासून माऊसला हात लावला नव्हता. साहेब मला म्हणाले, "तू जा. सांत्वनही होईल आणि मशीनही बघून होईल." मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मी ते घर पहिल्यांदाच बघत होतो. पडवीत पाहुणे बसलेले. राजवर्धन माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यानं मला आत नेलं.

"आईला शेवटची हाक बाबांनीच मारली," तो म्हणाला. "सगळं गाव सांगतंय. पारूआत्ती ती हाक ऐकूनच आली. जीव तोडून मारत होते म्हणे. आणि त्यातच बहुतेक बोटं गेली त्यांची. आता हात नेऊन गोळ्यावर ठेवला तरी ठेवला तसा पडून राहतो. पण डॉक्टर म्हणतात, बोटांत जीव आहे. टाचणी टोचली की हलतात. मग का हलवत नाहीत? आई गेली, आता हेही आमच्याशी कधीच बोलणार नाहीत काय?"

"माऊस बघतो," एवढंच म्हणालो.

गुरुजी उताणे, उशीवर डोकं थोडं उचललेलं. छातीवर येईल असा लोखंडी दांड्यावर पडदा बसवलेला. माऊसला काही झालेलं नव्हतं, ते मला कोल्हापुरातच माहीत होतं. तरी दिखाव्याला वायर तपासली. मग त्यांना पडदा नीट दिसतोय काय ते बघायला उशाशी स्टूल ओढून बसलो आणि माझं डोकं त्यांच्या डोक्याच्या पातळीला नेलं.

पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यामागं खिडकी होती. कोपऱ्याला अगदी लागून. खिडकीतून परडं दिसत होतं, गोठा दिसत होता, गोठ्याचा पत्रा दिसत होता. शिडी कुणीतरी उचलून भिंतीला लावून ठेवली होती. खालची जमीनही दिसत होती.

फुली नव्हतीच ती. मुक्या माणसाकडची अक्षरं काढून घेतली तर तो बोटच दाखवणार. शेंबड्या पोराला कळलं असतं. ते सांगत होते, तिकडं बघ, तिकडं बघ. मी सात वेळा त्यांचं बोट धरून खाली ओढलं, आणि आठव्यांदा बांधून टाकलं.

आणि मग त्यांच्या बाजूनं काय झालं ते मला तिथं, त्या उशाशी, एकेक करून समजायला लागलं. ते बोटांनी गोळा फिरवताहेत आणि बाण हलत नाही. खिडकीत बायको पडलीय, तिचा हात अजून हलतोय, आणि आपली शेवटची दोन बोटंसुद्धा नेमकी आत्ता गेली. दुसरं काय समजणार ते? तास गेला, दुसरा गेला. मग त्यांनी हात लावलेला नसताना त्यांचाच आवाज घरात घुमला. तिला हाक मारायला लागला. एकदा, दोनदा, अकरा वेळा. हाक कोण मारतंय हे समजायला त्यांच्याकडं काही मार्ग नव्हता. ते पडून ऐकत राहिले असतील, खिडकीकडं बघत.

मी त्यांना नवीन माऊस देऊन निघून आलो असतो तरी चाललं असतं. राजवर्धननं आभारही मानले असते. पण त्या गोळ्याला ते पुन्हा हात लावणार नव्हते. हात गेलाय हे त्यांना त्या दिवशी पटलं होतं, आणि ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यांतली एक कोल्हापुरात बसली होती.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "गुरुजी, मी धैर्यशील," मी म्हणालो. "त्या दिवशी तुमची बोटं चालत होती. मी तिकडून तुमचा माऊस बंद केला होता. दोन तास. नंतरची ती हाकही मीच दाबली, आवाज आला काय ते बघायला. तुमचा हात गेलेला नाही."

त्यांचे डोळे वळले. माझ्यावर थांबले. पापणी न लववता त्यांनी माझ्याकडं किती वेळ बघितलं कुणास ठाऊक. मग नजर खाली गेली, स्वतःच्या हाताकडं.

तर्जनी हलली. मग मधलं बोट. गोळा जरासा फिरला आणि पडद्यावर बाण सरकला.

"पारूआत्ती," राजवर्धन ओरडला, "या इकडं, बाबांचा हात हलतोय."

बायका स्वयंपाकघरातून धावत आल्या. पडवीतले पाहुणे दारात जमले. बाण अक्षरांवरून फिरत राहिला. थांबायचा, पुढं जायचा, परत थांबायचा. शेवटी बाण बोलायच्या बटणावर आला आणि मी बसवलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सपाट, मोठा, शांत.

"तुला दिसत होतं."

राजवर्धननं माझे दोन्ही हात धरले. रडत होता तो. "काय केलंस रे तू? कसं केलंस? बारा-तेरा दिवस झाले, आम्ही सगळं करून बघितलं." पारूबाई पदरानं डोळे पुसत होती. कुणीतरी मला पाणी आणून दिलं. म्हातारं कुणीतरी म्हणालं, पोरगं देवासारखं आलं.

मग राजवर्धन वडिलांकडं वळला आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाला, "काय दिसत होतं, बाबा? कुणाला दिसत होतं?"

बाण परत अक्षरांकडं निघाला.

चारची एसटी होती. पिशवी माझ्या पायापाशीच होती, आणि दारातल्या माणसांनी मला वाटही दिली असती. मी उठलो नाही. सगळं सांगून व्हायला गुरुजींना दीड तास लागला. मी शेवटपर्यंत तिथंच बसलो.